टाचेच्या घट्ट्यापासून जेलपर्यंत: कातडीच्या पेशी पक्व होताना केराटीन कसं बदलतं, हे प्रयोगशाळेत पाहण्याची पद्धत

तळपायाच्या घट्ट्याची ३० मिलिग्रॅम खरवड आणि मेणात बसवलेला कातडीचा एक तुकडा, एवढ्या सामग्रीवर हा प्रयोग उभा राहतो. केराटीन म्हणजे कातडीच्या पेशींना बळकटी देणारं तंतुमय प्रथिन. बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी किंवा झूलॉजीच्या एमएस्सी प्रकल्पाला तो चांगला बसतो. घट्ट्यांची कोल्हापुरात वानवा नाही. कडक कातड्याची चप्पल वर्षानुवर्षं वापरणारी टाच, ऊसतोड करणारा हात, तालमीत रोज जोर मारणाऱ्याचा तळवा, सगळीकडे तो सापडतो. महाग पडतात ती फक्त प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते ओळखून देणारे रेणू). बाकीचं सामान विभागात असतंच.

पार्लरच्या पाट्यांवर जे केराटीन लिहिलेलं असतं त्याच्याशी या लेखाचा संबंध नाही. केसांची केराटीनं वेगळ्या जनुकांवरून बनतात.

आधी काय दिसायला हवं ते पक्कं करा

माणसात केराटीनची ५४ कार्यक्षम जनुकं आहेत. त्यातली २८ पहिल्या प्रकारची, म्हणजे आम्लधर्मी प्रथिनांची, आणि २६ दुसऱ्या प्रकारची, म्हणजे उदासीन ते अल्कधर्मी प्रथिनांची. तंतू बनायला दोन्ही प्रकारांतला एकेक रेणू लागतो. दोन पेडांचं चऱ्हाट वळावं तसे हे दोघे एकमेकांना पीळ घालतात आणि त्यांच्या जुड्या जुळून सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा तंतू होतो. म्हणून केराटीन बदलतं तेव्हा जोडीनं बदलतं. तुमच्या निकालात जोडीतलं एकच दिसत असेल तर पेशीला दोष देण्याआधी स्वतःचं प्रतिपिंड तपासा.

बाह्यत्वचेच्या तळाच्या थरात, म्हणजे बेसल थरात, के५ आणि के१४ (केराटीन ५ आणि १४) ही जोडी असते. पेशी तळ सोडून वर सरकली की के५-के१४ ची जनुकं मंदावतात आणि के१-के१० ची सुरू होतात. त्यात के१ थोडं आधी येतं, के१० मागोमाग. अगदी वर, दाणेदार थराच्या आसपास, के२ त्यांना येऊन मिळतं. तळहात-तळपायावर या सगळ्याच्या जोडीला के९ असतं, जे इतर ठिकाणच्या कातडीत जवळपास नसतंच. वाढत्या थरांबरोबर लहान केराटीनकडून मोठ्या केराटीनकडे होणारा हा प्रवास इलेन फुक्स आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९८० साली मांडला. आज वापरतो ते केराटीनचे क्रमांक १९८२ च्या मोल यांच्या यादीतून आले.

जेल (प्रथिनं वजनानुसार वेगळी करणारा जेलीसारखा थर) वाचायला लागणारी वजनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: के१ सुमारे ६७ किलोडाल्टन, के२ ६५, के९ ६२ ते ६४, के५ ५८, के१० ५६.५, के६ ५६, के१४ ५०, के१६ ४८, के१७ ४६.

प्रकल्पाचे बहुतेक घोळ एकाच ठिकाणी होतात. ‘केराटीन बदललं’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली, जनुक बंद-चालू होणं. दुसरी, जनुक बंद झाल्यावरही जुनं प्रथिन पेशीत टिकून राहणं. के१४ चा संदेश-आरएनए तळाच्या थरापुरता असतो, पण प्रथिन वरच्या पेशींतही फिकट दिसत राहतं. तिसरी, बनलेल्या प्रथिनावरच नंतर होणारी प्रक्रिया. शृंगी थरात, म्हणजे कातडीच्या सर्वांत वरच्या निर्जीव थरात, पोचेपर्यंत के१ आणि के१० ची टोकं कापली जातात आणि रेणूंमध्ये डायसल्फाइड बंध (गंधकाचे जोड) बसतात. तिन्हींसाठी साधनं वेगळी. स्लाईडवरचं प्रतिपिंड पहिलीबद्दल थेट काहीच सांगत नाही, आणि तिसरी उघड करायला जेलच लागतं. म्हणून दोन्ही करा. फक्त स्लाईडवर भागवलेला प्रकल्प तोंडी परीक्षेत हमखास अडकतो.

नमुना

मंजुरी आधी, खरवड नंतर. नमुना माणसाचा आहे, मग ती स्वतःच्या टाचेची खरवड का असेना. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात आणि प्रस्ताव संस्थेच्या एथिक्स कमिटीपुढे ठेवावा लागतो. पूर्ण जाडीची कातडी हवी असेल तर शस्त्रक्रियेत उरलेली घ्यायची. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या रुग्णालयाकडून ती मिळवताना रुग्णाची लेखी संमती आणि दोन्ही संस्थांची मंजुरी लागते. कमिटीच्या बैठका रोज होत नसतात, त्यामुळे अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच टाका.

खरवडीसाठी देणाऱ्यानं आठवडाभर टाचेला तेल, व्हॅसलिन, युरियाचं किंवा सॅलिसिलिक आम्लाचं मलम लावायचं नाही. पहिली दोन अर्क अडवतात आणि जेलवर पट्टे फासतात. नंतरची दोन मलमं शृंगी थरालाच मऊ करून सोडवतात. पाय साध्या साबणानं धुऊन पूर्ण वाळवा. बोथट स्काल्पेलनं किंवा नव्या फाईलनं कोरडा, पिवळसर, निर्जीव भाग खरवडा आणि गुलाबी दिसायच्या आत थांबा. मधुमेह असलेल्यांच्या पायाला हात लावायचा नाही. कुरूप, चामखीळ, भेगेतलं रक्त, बुरशी असलेला नमुना वगळा. २० ते ३० मिलिग्रॅम पुरतं. उणे २० अंशांवर कोरडं ठेवलं तर महिनोन्‌महिने टिकतं, कारण केराटीन मुळातच चिवट.

तुलनेला जिवंत थर हवेत. पूर्ण कातडीचा तुकडा डिस्पेज विकरात (थरांना जोडणारी प्रथिनं कापणारं एन्झाइम) ४ अंशांवर रात्रभर ठेवला की सकाळी बाह्यत्वचा चिमट्यानं पापुद्र्यासारखी सुटते. न सुटल्यास ओढाताण करू नका. खालची चरबी नीट काढली गेली नाही की विकर आत पोचत नाही, एवढंच त्याचं कारण असतं.

अर्क: केराटीनला मागे ठेवून बाकी सगळं धुणं

केराटीन साध्या बफरमध्ये विरघळत नाही. हाच गुण शुद्धीकरणाला वापरायचा.

१. धुण्याचा बफर: १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.६, १४० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १.५ मोलर पोटॅशियम क्लोराइड, ५ मिलिमोलर ईडीटीए, ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१००. पीएमएसएफ (प्रथिनं कापणारी विकरं रोखणारं रसायन) १ मिलिमोलर, तेही घुसळायच्या क्षणी. पाण्यात पडल्यावर ते तासा-दीड तासात निम्मं मरतं, त्यामुळे सकाळी घातलेलं दुपारी उपयोगाचं नाही. ते विषारीही आहे, हातमोजे हवेत.

२. ३० मिलिग्रॅम नमुन्याला १ मिली बफर. खरवड आधी बारीक कातरा, मग काचेच्या होमोजिनायझरमध्ये बर्फावर घुसळा. घट्टा रबरासारखा निसटतो. खल-बत्त्यात द्रव नायट्रोजन घालून भुकटी केली तर काम निम्म्या वेळात होतं.

३. ४ अंशांवर १२,००० जी वेगानं १५ मिनिटं फिरवा. वरचं द्रावण फेका आणि हेच पुन्हा एकदा करा.

४. आता गाळ १० मिलिमोलर ट्रिस आणि ५ मिलिमोलर ईडीटीएच्या साध्या द्रावणानं दोनदा धुवा. ही पायरी गाळायचा मोह होतो. गाळली की पुढे पोटॅशियम आणि एसडीएस (जेलमध्ये वापरतो ते डिटर्जंट) यांची गाठ पडते, पांढरा चोथा बसतो आणि लोक त्याला ‘केराटीन विरघळलं नाही’ असं नाव देतात. तो चोथा पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा असतो.

५. गाळाचे दोन सारखे भाग करा. एकात ८ मोलर युरिया आणि ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ९. दुसऱ्यात हेच, अधिक १०० मिलिमोलर डीटीटी, जे डायसल्फाइड बंध तोडतं. प्रत्येकी ३०० मायक्रोलिटर. ३७ अंशांवर ३ तास हलवत ठेवा, मग खोलीच्या तापमानाला १२,००० जीवर २० मिनिटं. आता वरचं द्रावण हाच तुमचा अर्क.

१०० मिली द्रावणासाठी युरिया ४८ ग्रॅम. आधी ५० मिलीच पाणी घ्या, कारण युरिया विरघळताना आकारमान खूप वाढतं आणि द्रावण गार पडतं. कोमट पाण्याच्या भांड्यात धरा, पण हॉटप्लेटवर चढवू नका. तापलेल्या युरियापासून सायनेट होतं आणि ते प्रथिनाच्या लायसिनला चिकटून त्याचा विद्युतभार बदलतं. साध्या जेलवर फारसं कळणार नाही, पण द्विमितीय जेलवर एका ठिपक्याची माळ होते आणि ती माळ ‘नवं केराटीन’ म्हणून प्रबंधात गेलेली असते. द्रावण त्याच दिवशी करा. फ्रिजमध्ये ठेवू नका, स्फटिक होतात. डीटीटी १० मिलीला १५४ मिलिग्रॅम, ऐनवेळी. पीएच ९ ला ते लवकर मरतं.

पावसाळ्यात एक जपायचं. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की युरिया आणि डीटीटीच्या उघड्या बाटल्या पाणी ओढतात. वजन भरतं, पदार्थ कमी येतो. शिवाय फ्रिजमधून काढलेली डीटीटीची बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

प्रथिनाचं मोजमाप ब्रॅडफर्डनं (रंगावरून प्रथिन मोजण्याची पद्धत) करा, एसडीएस घालण्याआधी. ब्रॅडफर्डला डीटीटी चालतं, डिटर्जंट चालत नाही. प्रमाणरेषेसाठी लागणारं बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) हेही त्याच युरिया बफरमध्ये विरघळवा.

जेल

८.५ टक्के जेल सोयीचं, कारण सगळी मौज ४५ ते ७० किलोडाल्टनच्या पट्ट्यात आहे. १० मिलीला: ३० टक्के ॲक्रिलामाइड साठा २.८३ मिली, १.५ मोलर ट्रिस (पीएच ८.८) २.५ मिली, १० टक्के एसडीएस ०.१ मिली, पाणी ४.५ मिली, १० टक्के अमोनियम परसल्फेट ७० मायक्रोलिटर, टेमेड ७ मायक्रोलिटर. जेल न झालेलं, द्रवरूप ॲक्रिलामाइड चेतासंस्थेला घातक आहे, उघड्या हातानं हाताळायचं नाही.

लेनला ५ ते १० मायक्रोग्रॅम. सॅम्पल बफर मिसळून ९५ अंशांवर उकळण्याची सवय इथे मोडा. अर्कात युरिया आहे, त्यामुळे ३७ अंशांवर ३० मिनिटं पुरेत. युरियाच्या दोन्ही अर्कांना सारखाच सॅम्पल बफर लावलात आणि त्यात मर्कॅप्टोइथेनॉल असलं तरी चालेल, कारण न विरघळलेला गाळ तुम्ही आधीच वेगळा केलेला आहे. ८० व्होल्टवर सुरुवात, खालच्या जेलमध्ये उतरल्यावर १२०. निळा रंग बाहेर पडल्यावरही १० मिनिटं चालू द्या, म्हणजे पट्टे एकमेकांपासून सुटतात. मधेच वीज जात असेल तर पॉवरपॅक यूपीएसवर ठेवा. जेल तासभर नुसतं पडून राहिलं की पट्टे पसरतात आणि के५-के१० चं अंतर तिथेच संपतं.

एक लेन नमुन्याविना, फक्त बफरची. ही कधीही वगळू नका. प्रयोगशाळेतल्या धुळीत माणसाच्या कातडीचे कण असतात आणि तुमच्या मनगटावरून, कपाळावरून केराटीन सतत झडत असतं. ५० ते ६८ किलोडाल्टनमध्ये ते भुतासारखं उगवतं. सिल्व्हर स्टेन या अतिसंवेदनशील रंगामध्ये तर हमखास. इतर कुठल्याही प्रयोगात ही नुसती कटकट असते, इथे तोच तुमचा निकाल असल्यानं खोटा निकाल खऱ्यासारखाच दिसतो. पूर्ण बाह्यांचा कोट, पावडर नसलेले हातमोजे, झाकलेली टिप-पेटी आणि रंगवायला कूमासी ब्लू. सिल्व्हर या प्रयोगात नकोच.

घट्ट्याची डीटीटी नसलेली लेन जवळजवळ मोकळी, तर डीटीटीची लेन ठसठशीत, असं दिसायला हवं. शृंगी थरातले तंतू डायसल्फाइडनं शिवलेले असतात, ते तुटल्याशिवाय बाहेर येत नाहीत. जिवंत बाह्यत्वचेचं केराटीन मात्र डीटीटीविनाही बऱ्यापैकी उतरतं. दोन्ही लेन सारख्याच भरल्या असतील तर खरवड खोल गेली आहे किंवा नमुना मलमाचा आहे.

घट्ट्यात वरचा जाड पट्टा के१ चा आणि खालचा के१० चा. दोन्ही पुस्तकातल्या वजनापेक्षा किंचित खाली येतात, कारण टोकं कापली गेलेली असतात. मध्ये के९. के५-के१४ चे ५८ आणि ५० वरचे पट्टे फिकट. जिवंत थरांच्या लेनमध्ये हेच दोन ठळक. दोन माणसांचे के१० चे पट्टे नेमके एका रेषेत आले नाहीत तर घाबरू नका. के१० च्या शेवटच्या भागात ग्लायसिनच्या ज्या पुनरावृत्ती असतात त्यांची लांबी माणसागणिक बदलते. म्हणून घट्टा आणि जिवंत कातडी एकाच व्यक्तीची नसेल तर दोन-तीन मिलिमीटरच्या फरकावर सिद्धान्त बांधू नका.

के५, के१० आणि के६ इतके जवळ येतात की नुसत्या वजनावर ओळख पटवता येत नाही. वेस्टर्न ब्लॉट लागतो, म्हणजे जेलवरचे पट्टे पडद्यावर उतरवून प्रतिपिंडानं ओळखणं. पहिल्या प्रकारच्या केराटीनच्या गटासाठी एई१ हे प्रतिपिंड, दुसऱ्यासाठी एई३. मग के१४ आणि के१० ची स्वतंत्र प्रतिपिंडं. पैसे तोकडे असतील तर एवढी शेवटची दोनच घ्या, तीच स्लाईडवरही चालतात. मात्र कंपनीच्या पत्रकात ‘पॅराफिन’ आणि ‘ब्लॉट’ दोन्ही लिहिलेलं आहे ना, ते मागणीपत्र देण्याआधी पाहा.

के६ आणि के१६ घट्ट्यात मिळाले म्हणून सोरायसिसचं निदान करू नका. साध्या कातडीत ही दोन आणि के१७ जखमेनंतर काही तासांत उगवतात, सोरायसिसमध्येही वाढतात, हे खरं. पण तळपायाच्या कातडीत ती नेहमीच असतात.

स्लाईड

तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये १८ ते २४ तास. सुट्टी लागून आली म्हणून चार दिवस पडून राहिला तर प्रतिपिंड बसणं अवघड होतं. मेणात बसवताना तुकडा कडेवर उभा करा. आडवा बसला की काप तिरका जातो, तळाच्या पेशी चार-पाच थरांत असल्यासारख्या दिसतात आणि ‘के१४ वरपर्यंत पसरलं’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. रंगवण्याआधी एक साधी एचअँडई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिननं रंगवलेली) स्लाईड पाहून काप सरळ आहे याची खात्री करा.

तळपायाचा शृंगी थर मायक्रोटोमवर फाटतो. ब्लॉकचं तोंड बर्फाच्या पाण्यात १० मिनिटं बुडवून मग ४ मायक्रॉनचे काप घ्या. भारित किंवा पॉली-एल-लायसिनच्या स्लाईडवर उचला आणि ६० अंशांवर तासभर ठेवा. पावसाळ्यात आधी ३७ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर वाळवा, नाहीतर खाली पाणी राहतं आणि पुढच्या गरम पायरीला काप तरंगत निघून जातो.

झायलीन ५ मिनिटं, दोनदा. मग उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात. अँटिजेन रिट्रिव्हल (फॉर्मेलिननं झाकलेल्या जागा प्रतिपिंडाला पुन्हा खुल्या करणं) १० मिलिमोलर ट्रिस आणि १ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ९, ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं, त्याच भांड्यात २० मिनिटं निवू द्या. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळी फुटली की तापमान गाठलंत, पण खळखळ उकळू देऊ नका, बुडबुडे काप उचलतात. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, ब्लॉकिंग ३० मिनिटं, पहिलं प्रतिपिंड ४ अंशांवर रात्रभर ओल्या पेटीत, मग एचआरपी पॉलिमर (पहिल्या प्रतिपिंडाला चिकटणारं विकर) ३० मिनिटं, डीएबी (त्या विकरामुळे तपकिरी होणारं रसायन) ३ ते ५ मिनिटं सूक्ष्मदर्शकाखाली नजर ठेवून. हिमॅटॉक्सिलिन ३० सेकंदांहून जास्त नको. के१४ आणि के१० ची प्रतिपिंडं दोन्ही उंदराची असली तर एका कापावर एकत्र लावता येत नाहीत. लागून असलेले दोन काप घ्या.

आपल्याकडच्या कातडीला एक अडचण आहे, जिच्याबद्दल गोऱ्या कातडीवर लिहिलेल्या पद्धतींत सहसा काही सापडत नाही. मेलॅनिन तळाच्या थरात असतं आणि तपकिरी दिसतं. डीएबीही तपकिरी. के१४ देखील तळालाच. मग स्लाईडवर जे दिसतं ते प्रतिपिंड की रंगद्रव्य? उपाय दोन. हिमॅटॉक्सिलिनऐवजी जिएम्सा लावा, त्यात मेलॅनिन निळसर-हिरवं होतं आणि डीएबी तपकिरीच राहतं. किंवा लाल रंगाचं एईसी वापरा. मात्र एईसी अल्कोहोलमध्ये धुऊन जातं, त्यामुळे काप झाकायला डीपीएक्स हे नेहमीचं माउंटंट नाही, पाण्यातलं माउंटंट. पहिलं प्रतिपिंड न लावलेली स्लाईड सोबत हवीच. तळपायाच्या कातडीत मेलॅनिन कमी, तिथून सुरुवात केली तर डोळा लवकर बसतो.

वाचताना: के१४ तळाला गडद आणि वर फिकट होत जाणारं. के१० तळाला अजिबात नाही, तळ सोडल्यावर पहिल्या-दुसऱ्या पेशीपासून एकदम गडद. तळाच्या ओळीत मधूनच एखादी पेशी के१० ची दिसली तर ती निघण्याच्या तयारीत असू शकते, ती फेकून देऊ नका. शृंगी थर मात्र पुष्कळदा कोरा किंवा ठिपक्या-ठिपक्यांचा येतो. तिथे के१० संपलेलं नसतं. फिलॅग्रिन या प्रथिनानं तंतू दाबून बसवलेले असतात, बंधांनी शिवलेले असतात, टोकं तुटलेली असतात, त्यामुळे प्रतिपिंडाला बसायला जागा मिळत नाही. त्याच थराचं जेल ५६ ला जाड पट्टा दाखवतं. ही स्लाईड आणि ते जेल प्रबंधात शेजारीशेजारी छापा.

पेशी वाढवून बदल घडवायचा असेल तर

हाकॅट ही माणसाच्या कातडीची पेशीमाला पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) पेशीसंग्रहातून मागवता येते. कल्पना साधी: कमी कॅल्शियममध्ये पेशी तळाच्या थरासारख्या राहतात, वाढवलं की पक्व व्हायला लागतात. ०.०६ ते ०.०९ मिलिमोलरवर काही पिढ्या वाढवा, थर पूर्ण भरू द्या, मग १.२ ते १.८ करा. ०, २४, ४८, ७२ तासांना पेशी काढून के१४ आणि के१० चा ब्लॉट लावा. थर विरळ असताना कॅल्शियम चढवलंत तर के१० जेमतेम येतं, कारण पेशींना शेजारी लागतात.

कमी कॅल्शियमचं माध्यम विकत आणून त्यात नेहमीचं १० टक्के सीरम ओतलं की सगळं वाया जातं, सीरमचं स्वतःचं कॅल्शियम भरपूर असतं. ते चेलेक्सवरून (कॅल्शियम धरून ठेवणारं रेझिन) काढून घ्यावं लागतं. शिवाय सीरममध्ये अ जीवनसत्त्व असतं आणि ते के१-के१० ला दाबून ठेवतं. फुक्स आणि ग्रीन यांनीच १९८१ मध्ये हेही दाखवलं. कॅल्शियम बरोबर आहे, थर भरलेला आहे आणि तरी ७२ तासांनी के१० च्या जागी काहीच नाही, अशी वेळ आली तर सीरम २ टक्क्यांवर आणा किंवा रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीची रसायनं) काढलेलं सीरम वापरा. तेवढ्यानंही भागलं नाही तर पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवून वरची बाजू हवेला उघडी ठेवा आणि माध्यम फक्त खालून द्या. माध्यमात बुडालेल्या पेशी शृंगी थरापर्यंत जात नाहीत.